आधी डोक्यातलं, मग डोक्यावरचं: सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी दोन तास

सेल्फ केअर म्हटलं की सुगंधी मेणबत्त्या, सात प्रकारच्या बाटल्या आणि काकडीच्या चकत्या डोळ्यांसमोर येतात, म्हणजे डोळ्यांवर. मीही ते सगळं करून बघितलंय आणि खरं सांगायचं तर बाटल्या वाढल्या की कामच वाढतं, कुठली आधी कुठली नंतर, कुठलीची एक्सपायरी झाली. आता माझ्याकडे लागतं ते एवढंच: एक साधी वही, पेन, तेल, रुंद दातांचा कंगवा, एक जुना मऊ सुती टीशर्ट आणि सलग दोन तास. वही आणि केसांचा काय संबंध असं वाटेल, पण आहे, तो शेवटी येईलच.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी वही, मग तेल. मी सुरुवातीला उलटं करायचे, तेल चोपडून निवांत लिहायला बसायचे, तर वहीची पानं इतकी तेलकट झाली की मागच्या पानावरचं पुढून वाचता यायला लागलं.

पायरी १: डोकं वहीवर रिकामं करा

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टायमर लावायचा तर घड्याळाचा लावा, फोनचा नको, कारण टायमर बघायला म्हणून फोन उचलला की पंधरा मिनिटं कुठे जातात ते तुम्हालाही माहितीय. पानाच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि १५ मिनिटं डोक्यात जे जे आहे ते लिहीत सुटा. कामं, काळज्या, कुणाला फोन करायचा राहिलाय, कुणाचं बोलणं लागलंय, बटण तुटलेला शर्ट, सगळं एकाखाली एक. अक्षर, क्रम, शुद्धलेखन काही बघायचं नाही, महत्त्वाचं कुठलं तेही आत्ता ठरवायचं नाही.

पहिली पाच मिनिटं पेन धावतं, मग थांबतं आणि वाटतं झालं, संपलं. उठू नका. साधारण आठव्या-नवव्या मिनिटाला खरा माल बाहेर येतो, ज्याच्याकडे आपण दुर्लक्ष करत असतो तो. माझ्या पहिल्या यादीत ४१ गोष्टी निघाल्या आणि त्यातल्या तीन एकच होत्या, वर लिहिलेलं ‘बल्ब’, मध्ये ‘बाथरूममध्ये अंधार’ आणि खाली ‘शिडी कुठेय’. म्हणजे एक बल्ब डोक्यात तीन जागा अडवून बसला होता!

हे असं का होतं याच्यावर जुनं काम आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रयोग छापले, लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि काही मध्येच थांबवली, तर नंतर पुरी झालेल्यांपेक्षा अर्धवट राहिलेली कामंच लोकांना जास्त आठवली. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते इतकं ठळक दिसलं नाही हेही खरं, पण मला जास्त उपयोगी पडलं ते २०११ मधलं मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन. त्यांना दिसलं की अर्धवट काम मध्ये मध्ये डोकं वर काढणं थांबवायला ते पुरंच करावं लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करणार याचा नेमका प्लॅन केला तरी बऱ्यापैकी भागतं. म्हणून नुसती यादी करून उठलात तर अर्धंच झालं.

पायरी २: प्रत्येक ओळीपुढे खूण

आता पेनाचा रंग बदला आणि वरून खाली या. दोन मिनिटांत होणारं असेल तर टिंब. वेळ लागणारं असेल तर वार आणि वेळ लिहा, ‘बघू’ असं लिहायचं नाही. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींभोवती गोल. आणि जे आपण कधीच करणार नाहीये, फक्त करायला पाहिजे असं वाटतं, त्याच्यावर सरळ काट. ही काट मारताना जे बरं वाटतं ना, त्याच्यासाठी तरी हे करा.

एक युक्ती. ‘विमा’ असा एक शब्द लिहिलात तर तो पुढच्या यादीत पुन्हा येणारच, कारण ते काम नाहीये, तो नुसता विषय आहे. ‘पॉलिसीचा कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवायचा’ असं लिहिलं की ते काम होतं. क्रियापद नसेल तर ओळ कच्ची समजा.

गोल केलेल्या गोष्टींचं काय? त्यातलं एखादं फारच सलत असेल तर दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्यावर १५ मिनिटं मोकळेपणाने लिहा, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे चार दिवस, रोज १५ मिनिटं असं करून घेतलं होतं. लिहून झाल्या झाल्या मन हलकं होईलच असं नाही, त्यावेळी उलट जड वाटू शकतं. पण एखाद्या आठवणीने हात थरथरायला लागले, झोप उडाली, तर वही मिटा आणि समुपदेशकाशी बोला, वहीची ताकद तेवढी नसते.

आणि रात्री पडल्या पडल्या उद्याची कामं नाचत असतील तर हीच पद्धत पाच मिनिटांची. २०१८ च्या एका प्रयोगात ५७ जणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली आणि काहींनी झालेल्या कामांची. पुढची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. ५७ म्हणजे फार मोठा आकडा नाही, पण खर्च काय, एक पान.

पान उलटण्याआधी तळाला एक ओळ तब्येतीची. झोप कशी, काही दुखतंय का, ताप येऊन गेला का, पाळीची तारीख, केस जास्त जातायत का. बस, एक ओळ.

पायरी ३: तेल

आता हात तेलाचे करायला हरकत नाही. आधी कोरड्या केसांतला गुंता काढून घ्या, तेल लावल्यावर गुंता शोधत बसलं की केस तुटतात.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो मेलेला असतो, केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोरा. त्याला ‘पोषण’ पाजता येत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. पण त्याची झीज कमी करता येते आणि इथे खोबरेल तेलाची बाजू भक्कम आहे. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात केसांमधून प्रथिन निघून जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलने, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. धुण्याआधी लावलं तरी फायदा दिसला. तेव्हा तेल लावायचं ते मुख्यतः लांबीला आणि टोकांना, एक-दोन चमचे पुरतात, केस निथळायला नकोत.

डोक्याच्या त्वचेला मालिश आवडत असेल तर बोटांच्या पेरांनी हळू करा. पण कोंडा असेल तर तिथे तेल नकोच. कोंड्याशी संबंध असलेलं मलासेझिया नावाचं यीस्ट डोक्यावरच्या तेलकटपणावरच जगतं, म्हणजे कोंडा झालाय म्हणून तेल थापणं हे पाहुण्याला जायला सांगताना ताट वाढण्यासारखं आहे.

अर्धा-पाऊण तास पुरतो, रात्रभर ठेवून उशीचा अभ्रा घालवायची गरज नाही. या वेळात हात साबणाने धुवा आणि यादीतली टिंबवाली कामं उरका. माझा बल्ब असाच बसला, डोक्याला टीशर्ट गुंडाळलेला आणि मी शिडीवर.

पायरी ४: धुणं, आणि ‘नॅचरल’चं थोडं

पाणी कोमट. शाम्पू मगभर पाण्यात मिसळून डोक्याच्या त्वचेवर ओता आणि पेरांनी चोळा, नखं नाही. लांबीला वेगळा शाम्पू चोळायचा नाही, खाली येणारा फेस तिथे पुरतो. कंडिशनरचं बरोबर उलटं, फक्त लांबीला. आठवड्यातून किती वेळा धुवायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका, डोकं किती तेलकट होतं त्यावर ठरवा. घाम येणारं काम असेल तर रोज धुतलं तरी चालतं, केस त्याने गळत नाहीत, आधीच सुटलेले असतात तेच हातात येतात.

शिकेकाई-रिठा वापरायचे तर खुशाल वापरा, त्यात सॅपोनिन म्हणजे साबणासारखे घटक असतात आणि त्याचाच फेस होतो. फक्त पावडर थेट थापू नका, उकळून गाळलेलं पाणी घ्या, नाहीतर कण दोन दिवस निघत राहतात. आणि डोळे घट्ट मिटा, रिठ्याइतकं डोळ्याला झोंबणारं काही नसेल. कोरफडीचं ताजं पान कापलंत तर ते कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं उभं ठेवा, सालीखालचा पिवळा चीक निथळून जाऊ दे, त्याने खाज सुटते. त्यानंतर आतला गर घ्या.

कुठलीही नवी गोष्ट, मग ती झाडावरून तोडलेली का असेना, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस थांबा.

नैसर्गिक म्हणजे सौम्य हा सगळ्यात मोठा गैरसमज. डोक्याच्या त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५. लिंबाचा रस २ च्या आसपास, खाण्याचा सोडा ८ च्या वर. दोन्ही ‘घरगुती’, दोन्ही दोन टोकांना. मी एकदा कोंड्यासाठी अख्खं लिंबू चोळलं होतं, त्याआधी नखांनी डोकं खाजवून ठेवलेलं, पुढची दहा मिनिटं मी नळाखाली होते आणि शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. कोंडा आठवड्यात परत. शेवटी कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाच्या साध्या मेडिकेटेड शाम्पूनेच तो आटोक्यात आला, आणि तो काही सुगंधी वगैरे नव्हता.

पायरी ५: वाळवणं

ओले केस कमकुवत असतात, पाण्याने त्यातले काही बंध तात्पुरते सुटतात आणि केस रबरासारखे ताणले जाऊन तुटतात. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. टीशर्टमध्ये केस धरून दाबायचे, पिळायचे नाहीत. रुंद दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून वर वर यायचं. कुरळे केस असतील तर गुंता कंडिशनर लावलेला असतानाच काढा, वाळल्यावर नाही.

ड्रायर वाईट आणि आपोआप वाळणं चांगलं, असं मीही मानत होते. २०११ च्या एका कोरियन अभ्यासात मात्र ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला तेव्हा आपोआप वाळवण्यापेक्षा एकूण नुकसान कमी दिसलं, कारण केस फार वेळ ओले राहिले तरी आत फुगून त्रास होतोच. तेव्हा घाईत असाल तर अपराधी वाटून घेऊ नका, फक्त जवळ धरून एका जागी भाजू नका. दुभंगलेली टोकं कशानेच जोडली जात नाहीत, कात्री लावा. ओले केस घट्ट बांधू नका, आणि रोज तोच ताणलेला अंबाडा घालत असाल तर कपाळाजवळचे केस विरळ होतात, जागा बदलत राहा.

पायरी ६: जाळीतले केस आणि वहीचं मागचं पान

न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका दिसला की पोटात गोळा येतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० जाणं नॉर्मल आहे, तीन दिवसांनी धुतलंत तर तीन दिवसांचे एकदम दिसतात.

पण खरंच जास्त जायला लागले तर कालच्या शाम्पूला दोष देण्याआधी वही उघडा आणि दोन-तीन महिने मागे जा. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, क्रॅश डाएट, जोरदार मानसिक धक्का, अशा वेळी बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था साधारण तीन महिने चालते. म्हणजे गळतात आत्ता, कारण घडलेलं असतं तेव्हा. मी अशीच मूठमूठ केस बघून महिन्यात तीन शाम्पू बदलले, मग सहज पानं चाळताना तळाची ओळ दिसली, ‘ताप, सहावा दिवस, उठवत नाही’. तारीख बरोबर अकरा आठवड्यांपूर्वीची. अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते, आणि केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात त्यामुळे भरून आलेले दिसायला आणखी वेळ जातो.

टक्कल पडल्यासारखा गोल चट्टा दिसला, भांग रुंद होत चालला, डोक्यावर लाली, दुखरेपणा किंवा पू असेल, किंवा सहा महिने होऊनही गळती तशीच असेल तर तेलं बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते बहुधा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगतील. जाताना वही बरोबर न्या, कारण पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ असतो आणि तिथे आपण सगळेच ‘झाले असतील दोनेक महिने’ असं हवेत बोट दाखवून सांगतो. तेलाचे डाग पडलेलं पान असलं तरी चालेल, तारीख वाचता आली म्हणजे झालं.