अनुराधपुर ते पोलोन्नरुवा गटाने सायकलवर
श्रीलंकेच्या या कोरड्या पट्ट्यात चढ फारसे नाहीत. दमवतं ते ऊन. उजाडताच निघा, साडेदहाला थांबा. माणशी तासाला पाऊण लिटर पाणी धरा, एका बाटलीत मीठ-साखर घाला. नुसत्या पाण्याने घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही.

मिहिंतले हे टेकडीवरचं बौद्ध तीर्थस्थान अनुराधपुरापासून जेमतेम 13 किलोमीटर, पण तिथे 1840 पायऱ्या आहेत. पाय राखून ठेवा. स्तूपाच्या आवारात अनवाणी जावं लागतं आणि दुपारी फरशी भाजते, म्हणून जाड मोजे हवेतच. सायकलिंगच्या चड्डीवर लुंगी गुंडाळा, खांदेही झाका.

हबरणा-मिन्नेरिया टप्पा मात्र चांगलं उजाडल्यावर, सगळ्यांनी एकत्रच करा. तिथे रानटी हत्ती रस्ता ओलांडतात. दिसला की लांबच थांबा, घंटी वाजवू नका; मागे वळायला जागा ठेवा.