अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृतीतील फरक घरच्या घरी कसा पडताळावा

मोबाइलवर आलेला ओटीपी भरून झाला की दोन मिनिटांत विसरतो, पण शाळेत घोकलेले पाढे साठीतही तोंडपाठ असतात. यात स्मरणशक्तीचा दोष नाही. अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृतीचे काम मुळातच वेगळे आहे आणि कागद, पेन्सिल व घड्याळ एवढ्या साहित्यावर ते पाहता येते.

प्रथम एकमेकांशी संबंध नसलेल्या १५ साध्या शब्दांच्या (समई, डोंगर, पावती असे) दोन याद्या कराव्यात. घरातील कोणाला तरी पहिली यादी, दर तीन सेकंदांना एक शब्द अशा संथ गतीने, एकदाच वाचून दाखवावी आणि आठवतील ते शब्द कोणत्याही क्रमाने लगेच लिहायला सांगावेत. बहुधा सुरुवातीचे व शेवटचे शब्द कागदावर उतरतात, मधले निसटतात.

दुसरी यादी तशीच वाचावी. मात्र शेवटचा शब्द उच्चारताच त्या व्यक्तीला ३९७ पासून तीन-तीन वजा करत ३० सेकंद मोठ्याने मोजायला लावावे आणि मगच लिहू द्यावे. ही पायरी घाईने उरकू नये, कारण प्रयोगाचे मर्म इथेच आहे. मोजण्यात मन गुंतल्याने शेवटचे शब्द मनात घोळवता येत नाहीत आणि ते पुसले जातात. सुरुवातीच्या शब्दांची उजळणी आधीच होऊन ते दीर्घकालीन स्मृतीत पोचलेले असल्यामुळे बरेचसे टिकतात. ग्लान्झर आणि क्युनिट्झ या मानसशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये हेच आढळले होते. एकाच यादीवरून मात्र निष्कर्ष काढू नये. तीन-चार जणांवर नव्या याद्यांनी प्रयोग करावा.

दोन्ही स्मृतींतला हा फरक एका रुग्णातही ठळकपणे दिसला. हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी टिकवण्यास मदत करणाऱ्या भागाचा) मोठा हिस्सा १९५३ मध्ये अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढण्यात आला. त्यानंतर ऐकलेले आकडे त्यांना लगेच म्हणून दाखवता येत, बालपणही आठवे, परंतु नव्या प्रसंगांची आठवण टिकत नसे. या दुर्दैवी माणसाने आपल्याला फार मोठे ज्ञान दिले, असे मला मनापासून वाटते.

शेवटी तिसरी यादी घ्यावी आणि प्रत्येक शब्द ओळखीच्या जागेशी किंवा प्रसंगाशी जोडायला सांगावा. तासाभराने यादी न पाहता ते शब्द आठवून लिहायला लावावेत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पूर्वसूचना न देता, पुन्हा विचारावेत. तेव्हा जे शब्द आठवतील ते दीर्घकालीन स्मृतीतलेच असणार, कारण अल्पकालीन स्मृतीतून मधल्या काळात असंख्य गोष्टी येऊन गेलेल्या असतात.