संगीत विषय घेतलाय? प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

शाळेत ऐच्छिक विषय म्हणून संगीत घेतलेली बरीच मुलं बंदिश छान म्हणतात. तानाही पाठ असतात. मग परीक्षक म्हणतात, "आता हाताने ताल धरून म्हणा बघू," आणि तिथे सगळं विस्कटतं. दोष बहुतेक वेळा आवाजाचा नसतो. गाणं पाठ असतं, पण ताल अंगात मुरलेला नसतो. तयारीचा सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला, असं माझं ठाम मत आहे.

त्रितालच घ्या. 16 मात्रा (ठोके), चार-चारचे चार विभाग. पहिलीवर सम (तालाची सुरुवात), पाचवी आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली (टाळी न देता हात नुसता बाजूला). वहीत हे सगळ्यांनाच लिहिता येतं. पण तबल्याच्या ठेक्यात नववीलाही बोल ‘धा’च असतो, ‘तिं’ येतो दहावीला. त्यामुळे नुसत्या बोलांवरून खाली ओळखणारी मुलं एक मात्रा उशिरा सावध होतात. हाताला सवय असेल तर हे होत नाही.

दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत गाताना, तर एक चूक हमखास होते. बंदिश नववीवरून उठते, मुखडा (समेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा) आठ मात्रांचा, मग सम. या मुखड्याची दुगुन घेऊन समेवर या म्हटलं की मुलं सवयीने पुन्हा नववीवरूनच उठतात. आठ मात्रांचे शब्द चार मात्रांत संपतात आणि समेचा शब्द तेरावीवर येऊन पडतो. उठायचं होतं तेरावीवरून! अशा वेळी तेच पुन्हा पुन्हा जोरात म्हणून काही सुधारत नाही. लय निम्म्यावर आणा, शब्द बाजूला ठेवा, हाताने टाळी-खाली धरून एका मात्रेत दोन असे नुसते आकडे म्हणा. आकडे समेवर बिनचूक यायला लागले की मग शब्द घाला. चार-सहा दिवस कंटाळवाणे जातील, जाऊ द्या.

दुसरी मोठी गडबड रागाची. स्वर बरोबर लागले म्हणजे राग झाला, असं मुलांना वाटतं. भूप आणि देसकार, दोन्हींत सा रे ग प ध एवढेच स्वर. भूपात गंधार (ग) वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि धैवत (ध) संवादी, म्हणजे त्याखालोखालचा. देसकारात नेमकं उलटं, शिवाय तिथे रिषभ (रे) दुबळा. भूपाचे आलाप घेताना धैवतावर रेंगाळलात, तर एकही स्वर न चुकता भूप हातचा जातो. म्हणून आरोह-अवरोह घोकण्यापेक्षा रागाच्या छोट्या छोट्या संगती (स्वरांचे गट) गळ्यावर चढवा आणि प्रत्येक वेळी कुठे थांबलो ते बघा.

तानपुऱ्याचं ॲप लावलं की तो पंचमावर आहे की नाही, हे कुणी बघतच नाही. मालकंस रागात पंचम (प) वर्ज्य, म्हणून तिथे पहिली तार मध्यमाला (म) हवी. पंचम घुमत असताना मालकंस गायला बसणं म्हणजे स्वतःच्या कानाशी भांडण.

या वयात मुलांचा आवाज फुटतो, त्याबद्दल थोडं मनापासून सांगायचं आहे. कालपर्यंत सहज लागणारा तार सा (वरच्या सप्तकातला सा) अचानक चिरकतो, मुलगा घाबरतो आणि ताण देऊन जुन्याच पट्टीत गात राहतो. तसं करू नका. पट्टी खाली घ्या, मधल्या सप्तकात हळू आवाजात गा, तारसप्तक काही काळ सोडून द्या. गुरुजींना किंवा बाईंना स्पष्ट सांगा, परीक्षेतही आपलीच पट्टी मागून घ्या. गाऊन झाल्यावर घसा दुखत असेल तर तो रियाज चुकतोय. मुलींच्याही आवाजात या वयात फरक पडतो, फक्त तो इतका जाणवत नाही.

राहता राहिली वही. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तारसप्तक. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्राचा, म्हणजे खालच्या सप्तकाचा. एका पुस्तकातून बंदिश आणि दुसऱ्यातून ताना उतरवल्या की वहीत दोन्ही मिसळतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री काही उलगडत नाही. अभ्यासक्रमात जी पद्धत आहे, त्याच पद्धतीत सगळं पुन्हा लिहून काढा आणि लिहिताना प्रत्येक ओळ एकदा गाऊन बघा.