मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया आणि अल्ट्रासाउंड : या चुका टाळा

ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) उघडला, मेंदूतलं पाणी वाहून गेलं, थोडी गाठ निघाली की मेंदू जागचा सरकतो, कधी कधी एक सेंटिमीटरहूनही जास्त. नॅव्हिगेशन (ऑपरेशन करताना मेंदूत आपण कुठे आहोत हे पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) मात्र ऑपरेशनआधीच्या एमआरआयवरच विसंबून असतं. आत्ताचा मेंदू दाखवतो तो अल्ट्रासाउंड. तरीही बऱ्याच थिएटरमध्ये मशीन कोपऱ्यात उभं असतं आणि शेवटी ‘काही उरलंय का बघू’ म्हणून ओढून आणलं जातं. माझ्या मते हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. ड्युरा बंद असतानाच पहिलं स्कॅन करा, दोन दिशांनी. फाल्क्स (मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पडदा), व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याची पोकळी) आणि त्यातल्या कोरॉइड प्लेक्ससची (ते पाणी तयार करणाऱ्या जाळीची) चमकदार रेघ ओळखून ठेवा आणि चित्र सेव्ह करा. गाठ सुरुवातीलाच धूसर दिसत असेल, तर तिचा उरलेला तुकडा शेवटी स्पष्ट दिसेल ही आशा सोडा.

त्याआधीची चूक डोकं बसवताना होते. कवटीची खिडकी शक्यतो आडवी, वर तोंड करून राहिली पाहिजे. तिरकी राहिली तर गाठ काढल्यावर पोकळीत भरलेलं सलाइन बाहेर सांडतं, त्याजागी हवा येते आणि हवेपुढे ध्वनिलहरींचं काही चालत नाही. प्रोबच्या (अल्ट्रासाउंडच्या हातात धरायच्या दांडीच्या) स्टराइल कव्हरमध्ये जेल भरतानाही तेच. एखादा बुडबुडा प्रोबच्या तोंडाशी अडकला, तर चित्रात वरपासून खालपर्यंत काळा पट्टा पडतो. तेव्हा गेन (चित्राचा उजळपणा) वाढवत बसू नका, आधी बुडबुडा बाजूला सारा.

आता शेवटचं स्कॅन. गाठ काढून झाली, पोकळी सलाइनने भरली, प्रोब ठेवला आणि तळाशी झळझळीत पांढरी कड दिसली. उरलेली गाठ? बऱ्याचदा नाही. मेंदूतून जाताना लहरी क्षीण होतात, सलाइनमधून जाताना जवळपास होतच नाहीत. मशीन मात्र वाटेत सगळा मेंदूच आहे असं धरून खोलीप्रमाणे सिग्नल वाढवतं. त्यामुळे पोकळीच्या पलीकडची भिंत उगाच उजळते. या कडेमागे सक्शन घेऊन धावलं, तर चांगला मेंदू जातो.

प्रोब थोडा कलता करून बघा. लहरींची दिशा बदलली की खोटी चमक जागा बदलते किंवा फिकी पडते, गाठ आपल्या जागी राहते. खोटी कड बहुधा सारख्या जाडीची असते, उरलेली गाठ ओबडधोबड, कुठेतरी फुगीर. पोकळीत शिरणारा छोटा प्रोब असेल तर तो भिंतीजवळ नेऊन बघा, मधलं सलाइन कमी झालं की फसगतही कमी होते. रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तस्राव थांबवायला ठेवलेलं सर्जिसेलही पांढरंच दिसतं, म्हणून आधी पोकळी नीट धुवा, कापसाच्या पट्ट्या काढा. आणि मोठी गाठ असेल तर शेवटापर्यंत थांबू नका, मधेमधे बघत राहा. चमक केव्हा उगवली हे डोळ्यांसमोर घडलेलं असलं की ओळखणं सोपं जातं.

फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात: वरवरच्या गाठीला जास्त, खोलवरच्या गाठीला कमी.

लो-ग्रेड ग्लायोमात (मेंदूच्या सावकाश वाढणाऱ्या गाठीत), किंवा रेडिएशननंतर पुन्हा ऑपरेशन करताना, सूज आणि गाठ यांची सीमा अल्ट्रासाउंडवर पुसट होते. अशा वेळी भाषेच्या किंवा हालचालीच्या भागाजवळ निव्वळ उजळपणा बघून एक मिलिमीटरही पुढे जाऊ नका. तिथे मॅपिंगचा (हलका विद्युतप्रवाह देऊन मेंदूचा कुठला भाग काय काम करतो हे तपासण्याचा) शब्द पडद्याच्या वरचा.