ॲव्हरेजच्या नादात गाडीचा तोल घालवू नका: नव्या गाडीच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात गाडीबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "ॲव्हरेज किती देते?" ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) आहे का, असं विचारणारे आत्ता कुठे दिसू लागलेत. प्रश्न काही चुकीचा नाही. पेट्रोलने शंभरी ओलांडलेली, आणि शेत, बाजार, दवाखाना, सासुरवाडी सगळंच लांब-लांब. घोळ पुढे होतो. ॲव्हरेज काढायच्या नावाखाली जे उद्योग चालतात त्यातले निम्मे तेल वाचवतच नाहीत. उलट गाडी घसरली तर तिला सावरणारी जी ही ईएससी यंत्रणा आहे, तिचेच हातपाय बांधून ठेवतात.

घाटात न्यूट्रल मारणे

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घट्ट बसलेली सवय हीच. कन्नडहून चाळीसगावकडे उतरताना किंवा मांजरसुंब्याहून बीडकडे येताना उतार लागला रे लागला की गिअर न्यूट्रलला. काही बहाद्दर तर चावीच फिरवतात. "फुकटात चाललीय की, काय बी होत नाही."

कार्बोरेटरच्या जमान्यात या हिशेबाला थोडाफार अर्थ होता. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तो उलटा पडतो. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की कॉम्प्युटर तेल सोडणारे इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनला फिरवत असतात, तेल जातं शून्य. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण बारा-पंधराशेच्या खाली आले की मगच इंधन पुन्हा सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून तासाला अर्धा-पाऊण लिटर जळत राहतं. एसी चालू असेल तर आणखी. म्हणजे ज्याच्यासाठी न्यूट्रल मारलं, तेच जास्त गेलं.

आता तोलाचं बघा. गिअर काढला की इंजिनचा ब्रेक गेला. सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर. लांब उतारावर पॅड तापतात, आणि एका मर्यादेनंतर पेडल दाबलं तरी गाडी म्हणावी तशी थांबत नाही. ईएससीकडे गाडी सावरायची हत्यारं दोनच: एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणं आणि इंजिनची ताकद कमी करणं. न्यूट्रलमध्ये दुसरं हत्यार निकामी, आणि तापलेल्या पॅडमुळे पहिलं बोथट. इंजिनच बंद केलं तर दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकचं व्हॅक्यूम संपतं, पेडल दगडासारखं होतं आणि स्टीअरिंग जड पडतं. चावी पूर्ण मागे फिरली तर स्टीअरिंग लॉक व्हायचा धोका वेगळाच.

घाट उतरताना जो गिअर चढताना लागला असता तोच ठेवा, तिसरा नाहीतर दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा 'एल' वापरा. मागचा ट्रक हॉर्न मारतोय म्हणून गिअर काढू नका.

ईएससी काय करते, आणि काय करत नाही

हिला कुणी ईएससी म्हणतं, कुणी ईएसपी. काम एकच. प्रत्येक चाकाचा वेग, स्टीअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, या तीन गोष्टींची ती सेकंदाला अनेक वेळा तुलना करते. समजा अंधारात विनालाइटची ट्रॉली दिसली आणि तुम्ही झटकन स्टीअरिंग कापलं. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला की ईएससी बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते. उलट, स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळच चालली असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. हे तुमच्या पायाने होणारं काम नाही; पेडल एकच असतं आणि ते चारही चाकांना लागतं. १९९५ साली ही यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या गाडीत पहिल्यांदा आली. भारतात २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्या आदळून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ती गाडीत असावीच लागते.

पण ती पकड तयार करत नाही. रस्ता आणि टायर यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच ती वाटून देते. आपल्याकडची काळी माती इथे लक्षात घ्या. उसाच्या हंगामात आणि पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती डांबरावर आणलेली असते. त्यावर शिडकावा झाला की साबण लावल्यागत रस्ता होतो. तिथे नव्वदने शिरलात तर ईएससीला वाटून द्यायला काही उरतच नाही.

ब्रेकचीही एक जुनी खोड आहे: टप्प्याटप्प्याने पेडल मारायचं. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत ते बरोबर होतं. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत एबीएस सक्तीचं आहे. अचानक थांबायची वेळ आली तर पेडल जोरात दाबा आणि दाबून धरा. पायाखाली थरथर होते, करकर आवाज येतो, त्याला घाबरून पाय उचलू नका. गाडी वळवायचं काम स्टीअरिंगने चालू ठेवा.

आणि ते 'ऑफ'चं बटण. घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचं. "ते चालू असलं की पिकअप मारते" असं ऐकून काही जण गाडी सुरू केल्या केल्या ते दाबतात. त्याचा खरा उपयोग बांधावरच्या चिखलात चाक रुतलं तर. तिथे यंत्रणा चाकाला फिरूच देत नाही आणि गाडी जागची हलत नाही. बटण दाबा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने बाहेर काढा, लगेच पुन्हा चालू करा.

हवा: मे महिन्याचा गैरसमज

पारा बेचाळीसवर गेला की पंक्चरवालाही सांगतो, "भाऊ, दोन-चार पॉइंट कमी ठेवा, उन्हानं फुटंल." नेमकं उलटं आहे. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यानेच तो जास्त तापतो, आणि समृद्धीसारख्या रस्त्यावर ताशी १२० ने तासभर तसा पळाला तर फुटण्याची शक्यता वाढते. वर तेलही जास्त खातो.

दुसऱ्या टोकाचे लोक ॲव्हरेजसाठी चाळीस-बेचाळीस भरतात. टायर मधोमध फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, पकड जाते. कंपनीने दिलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. तोच, आणि तोही सकाळी गाडी थंड असताना. चालून आलेल्या गाडीत पॉइंट वाढलेले दिसणारच. ते काढून टाकू नका. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची तर गरजच नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर बहुतेक जण नवे पुढे टाकतात, "ओढ पुढच्या चाकांना आहे" म्हणून. नवे मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ते निदान हाताशी येतं. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यात जाते. चारही चाकांना मात्र माप एकच हवं. वेगवेगळ्या मापाच्या टायरांवर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि ईएससीला सगळा घोळ वाटतो.

पाडव्याची गाडी आणि रनिंग पिरियड

पाडव्याला नाहीतर दसऱ्याला डिलिव्हरी, चाकाखाली लिंबू, आणि शोरूममधूनच सात माणसं, सामान घेऊन थेट तुळजापूर. आई भवानीच्या दर्शनाला कोण नाही म्हणणार? फक्त पाचच्या गाडीत सात बसवू नका आणि पहिल्याच दिवशी ओव्हरटेकची हौस भागवू नका.

नव्या गाडीत तीन गोष्टी नव्या असतात, आणि लोक फक्त इंजिनचा विचार करतात. टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीतपणा असतो. पहिले काहीशे किलोमीटर पकड पूर्ण नसते. ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसलेले नसतात, म्हणून सुरुवातीचे तीनशे किलोमीटर गरज नसताना करकचून ब्रेक लावू नका. तिसरं इंजिन: पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसायला साधारण पहिले हजार किलोमीटर लागतात, यालाच रनिंग पिरियड म्हणतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

या काळात दोन चुका होतात आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पहिली समृद्धीवरची. सावंगीला चढायचं, क्रूझ कंट्रोल १२० वर लावायचं आणि नागपूरलाच उतरायचं. रिंगा बसायला भार कमी-जास्त होत राहावा लागतो. तासन् तास एकच वेग हा नव्या इंजिनला मानवत नाही. दुसरी चूक जास्त जपणाऱ्यांची. काका लोक गाडी पाचव्या गिअरमध्ये चाळीसने नेतात, इंजिन गुरगुरत असतं, आणि त्यांना वाटतं आपण तिला सांभाळतोय. कमी आरपीएमवर जड गिअर ओढायला लावणं हा त्रासच आहे. रोज सकाळी दहा मिनिटं अंगणात उभी करून चालू ठेवणंही तसंच. सुरू करा, अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा.

डिलिव्हरीच्याच दिवशी बंपर गार्ड बसवायला जाणारेही आहेत. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घालायला सांगितलं. एअरबॅग उघडण्याची वेळ त्याने चुकू शकते आणि वजनाचं तेल रोज जातं ते वेगळं.

मग तेल वाचतं कशाने?

सगळ्यात मोठा फरक वेगाने पडतो. ८० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध दीडपट नाही, सव्वादोनपट होतो. समृद्धीवर नव्वद-शंभरने गेलात तर वाचलेलं तेल तुम्हाला त्याच टाकीत दिसेल. रिकामं कॅरिअर उतरवून ठेवा. क्लचवर पाय टेकवून बसायची सवय सोडा. एसीबद्दल उगाच वाद होतात: गावात हळू चालताना काच उघडी चालेल, हायवेवर काच बंद करून एसी लावा. उन्हात उभी असलेली गाडी आधी दारं उघडून मिनिटभर मोकळी होऊ द्या, मग एसी.

डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर भांडण करू नका. टाकी पहिल्या कट-ऑफपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा, भागाकार करा. असं तीन टाक्या करा, आणि तेही रनिंग पिरियड संपल्यावर. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे हेही हिशेबात धरा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे थोडी घट येणार. आपल्याच उसाची करामत, शोरूमवाल्यावर राग काढू नका.

दिवा लागला तर

घसरत्या गाडीचा पिवळा दिवा चालताना लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय. पाय हलका करा. तो कायम लागून राहिला आणि बटण तुम्ही दाबलेलं नसेल, तर बिघाड आहे. साधे ब्रेक चालतात, पण सावरणारं कुणी नाही असं समजून चालवा.

बॅटरी बदलल्यावर किंवा अलाइनमेंट केल्यावर दिवा लागला तर बऱ्याचदा स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा लागतो. काही गाड्यांत स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडं चालवलं की तो आपोआप जातो. एबीएसचाही दिवा सोबत लागला असेल तर चाकाजवळचा सेन्सर बघायला सांगा. वाळलेला चिखल किंवा शेतातल्या घरी उंदरांनी कुरतडलेली वायर निघते. ब्रेक लाइटचा साधा स्विच गेला तरी हाच दिवा लागतो, आणि तो भाग स्वस्त आहे. म्हणून कुणी थेट पूर्ण एबीएस युनिट बदलायला सांगितलं तर आधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड कागदावर लिहून घ्या, कोणत्या चाकाचा आहे ते विचारा, आणि मगच पैशाचं बोला.