वेगवान खेळ सोडताना या चुका टाळा

मोठा पराभव झाला की दुसऱ्याच दिवशी ‘आता धावाधाव बंद, शांतपणे खेळायचे’ असे जाहीर करणारे बास्केटबॉल प्रशिक्षक मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. वेग कमी करण्याचा निर्णय चुकीचा असतोच असे नाही. परंतु वेग सोडला की बचाव आपोआप सुधारतो, ही समजूत मात्र संघाची फरफट करते.

सर्वांत महागडी चूक म्हणजे खेळाडू धावण्यासाठी निवडलेले आणि पद्धत मात्र चालण्याची. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या फिनिक्स सन्स संघाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. माइक डॅन्टोनी यांच्या मार्गदर्शनाखाली, चेंडू हाती येताच सात सेकंदांच्या आत शॉट घेण्याच्या पद्धतीवर या संघाने 2004-05 च्या हंगामात 82 पैकी 62 सामने जिंकले. संघाचा खेळ रचणाऱ्या स्टीव्ह नॅशची सारी ताकद समोरचा बचाव जागेवर येण्याआधीच त्यातली फट ओळखण्यात होती. फेब्रुवारी 2008 मध्ये संघाने शॉन मॅरियनला मायामीकडे देऊन 35 वर्षांच्या शकील ओनीलला आणले, म्हणजे सर्वांत चपळ धावपटू देऊन मैदानावरची सर्वांत मोठी जागा अडवणारा खेळाडू घेतला. त्या मोसमात सॅन अँटोनियोकडून प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीतील मालिकेत 4-1 अशी हार झाली, डॅन्टोनी गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या टेरी पोर्टर यांनी संथ, बचावावर भर देणारा खेळ आणला. फेब्रुवारी 2009 मध्ये, 28 विजय आणि 23 पराभव अशी स्थिती असताना, त्यांनाही जावे लागले. अल्विन जेंट्री यांनी पुन्हा धावायला सांगितले आणि पहिल्याच सामन्यात संघाने 140 गुण केले. पुढच्या हंगामात, ओनीलविना, सन्स वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. म्हणून पद्धत बदलण्याआधी मी प्रत्येक खेळाडूचे गुण कुठून येतात ते वहीत लिहून काढतो. मुख्य खेळाडूंचे निम्मे गुण मोकळ्या मैदानात होत असतील, तर वेगाला हात लावत नाही.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते, कारण ती निव्वळ आळसातून होते: संथ खेळ म्हणजे उशिरा सुरू केलेला खेळ, असा समज. एका स्पर्धेत असाच एक संघ मी जवळून पाहिला. पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारा खेळाडू, मध्यरेषेजवळ जागच्या जागी ड्रिब्लिंग करत होता, बाकीचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि शॉट क्लॉकवर (शॉट घेण्यासाठीच्या 24 सेकंदांच्या घड्याळावर) आठ सेकंद उरले की बाकावरून ओरडा सुरू होई. मग चेंडू कसाबसा पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, जाई, दोन बचावपटू त्यावर तुटून पडत आणि शेवटी कुठूनतरी, कसातरी शॉट मारला जाई. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचे गुण नेहमीपेक्षा कमी झाले, म्हणून प्रशिक्षक बचावावर खूश होते. प्रत्यक्षात दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडूच कमी वेळा आला होता. दर ताब्यामागे दिलेले गुण मोजले तेव्हा बचाव होता तितकाच कच्चा निघाला. हा हिशेब न करता बचाव सुधारला म्हणणे म्हणजे खेळाडूंची दिशाभूल आहे.

माझ्या सरावात चेंडू मध्यरेषेपलीकडे धावतच जातो. नियम त्यासाठी आठ सेकंद देतो, पण तेवढी मुभा मी देत नाही. घड्याळात अठरा सेकंद शिल्लक असताना पहिली स्क्रीन, म्हणजे बचावपटूची वाट अडवून सहकाऱ्याला मोकळे करणारा अडथळा, लागलीच पाहिजे. हाफ कोर्टमधला, म्हणजे समोरचा बचाव जागेवर आल्यानंतरच्या खेळातला, संयम म्हणजे पहिली संधी फसल्यावर दुसरी आणि तिसरी शोधण्याइतका वेळ हाती राखणे, आणि तो वेळ सुरुवातीच्या घाईतूनच मिळतो.

फास्ट ब्रेकवर, म्हणजे बचाव जागेवर येण्याआधीच्या धावत्या हल्ल्यावर, सरसकट बंदी घालू नका. दोघांसमोर एकच बचावपटू असताना थांबणारा संघ हातचे दोन गुण सोडतो. धावण्याचा सराव कमी करू नका, कारण परत येऊन बचाव करायलाही पाय लागतातच. हंगामाच्या मध्यात हा बदल करूच नका. तीन सामन्यांत निकाल मागणाऱ्या उतावळ्या प्रशिक्षकांना तर माझे स्पष्ट सांगणे आहे की हाफ कोर्टमधील स्क्रीन, कट (चेंडूविना मोकळ्या जागेकडे घेतलेली अचानक धाव) आणि पासिंगचा मेळ बसायला पूर्वतयारीचा संपूर्ण काळ लागतो, आणि तेवढा वेळ नसेल तर जुनाच वेग ठेवून शॉटची निवड आणि परतीचा बचाव या दोनच गोष्टींवर काम करा.