पवनचक्क्यांमुळे पक्षी-वटवाघळांचं नुकसान झालं तर भरपाई कशी मागायची

गावात पवनचक्की आली की जमिनीचे पैसे मिळतात, रस्ता होतो, आणि पक्ष्यांसाठी काय करणार विचारलं की कंपनीवाले शाळेमागे झाडं लावून फोटो काढतात. ही भरपाई नाही.

साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार घ्या. २०१८ साली तिथला एक अभ्यास छापून आला, पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी दिसले, मग त्यांच्या तोंडचे सरडे वाढले आणि निर्धास्तही झाले, माणूस जवळ आला तरी पटकन पळेनात. म्हणजे तिथे गेली ती शिकारी पक्ष्यांची मोकळी जागा, आणि सड्यावर, म्हणजे अशा उघड्या खडकाळ पठारावर, झाडं लावली तर उरलेली मोकळी जागापण जाणार!

सुरुवात कागदांपासून करा. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत (कुठल्या प्रकल्पांचा पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासायचा ते ठरवणारा केंद्राचा नियम) पवनऊर्जा नाहीच, त्यामुळे जनसुनावणी होत नाही, कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघू नका. सातबारा काढा. जमीन वनखात्याची असेल तर वन मंजुरी लागते, तिच्या अटी परिवेश या केंद्राच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर बघा, नाही सापडल्या तर माहिती अधिकारात मागा. खाजगी असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती एवढंच हातात (समिती बहुतेक कागदावरच असते, तिला आधी जागं करा). कर्ज कुणाचं आहे तेही विचारा, आयएफसीचं (जागतिक बँकेच्या गटातली, खाजगी प्रकल्पांना कर्ज देणारी संस्था) असेल तर त्यांच्या सहाव्या निकषात नैसर्गिक अधिवासाचं निव्वळ नुकसान शक्य तिथे होऊ न देण्याची अट आहे, ती पुढे करता येते.

मग मोजणी, आणि खरा जोर इथेच लावा. टॉवर उभे राहायच्या आधी सगळ्या ऋतूंत पक्षी मोजून ठेवा, नाहीतर नंतर कंपनी म्हणणार इथे कधी काही नव्हतंच. चक्क्या सुरू झाल्या की ठरलेल्या दिवशी, टॉवरभोवती ठरलेल्या अंतरात चालत शोधायचं, फोटो, तारीख, टॉवर नंबर सगळं लिहायचं. मेलेला पक्षी घरी आणू नका, वनखात्याला कळवा. आणि सापडले तेवढेच मेले असं धरू नका, कुत्री-कोल्हे रात्रीत उचलून नेतात, गवतात वटवाघूळ दिसतच नाही. म्हणून कोंबडीची मेलेली पिल्लं मुद्दाम ठेवून बघा, किती दिवस टिकतात, शोधणाऱ्याला किती सापडतात, त्या हिशेबाने आकडा वाढवायचा.

भरपाईच्या आधी मरण कमी करायला लावा. वटवाघळं कमी वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, तेव्हा पाती थांबवली तर वीज थोडीच बुडते, अमेरिकेतल्या प्रयोगांत मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं तर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त घटले, पण रंगवलेल्या चक्क्या चारच होत्या, तेव्हा यावर शपथ घेऊ नका.

एवढं करून जे मरतील त्यांची भरपाई त्याच जातीच्या हिशेबात हवी. अमेरिकेत २०१६ च्या नियमात एका सोनेरी गरुडामागे १.२ गरुड वाचवायचे होते, त्यासाठी विजेचे धोकादायक खांब दुरुस्त करतात कारण त्यावर बसून शॉक लागून गरुड मरतात. आपल्याकडे ११ आणि ३३ केव्हीच्या खांबांना इन्सुलेशन मागता येईल, किंवा तशाच दुसऱ्या सड्यावर मुरूम काढणं, रस्ते आणि झाडलावणी बंद ठेवायची हमी.

पैसा वेगळ्या खात्यात, प्रकल्प चालेल तितकी वर्षं, साधारण २५ धरा. प्रकल्प विकला तरी अट नव्या मालकाला लागू राहील हे वाक्य करारात घालाच, कारण या धंद्यात चक्क्या हात बदलतात आणि नवा मालक म्हणतो ते आधीच्यांनी कबूल केलं होतं, आम्हाला काय माहीत.